गिल्डबाहेरचा साक्षीदार

हेझलवेल
सेंट ग्रेगरीचा दिवस, मार्च १५४८

ऑस्टिन,

पत्र फाडून चुलीत टाकलं नाहीस हेच पुष्कळ. अक्षर माझं नाही, मला कुठे लिहिता येतं! पाद्री लॅम्बर्ट लिहिताहेत आणि मी शेजारी बसून सांगतेय. तुझ्या बायकोला, थॉमसीनला, माती दिली ते हेच. मी बोलेन तसंच लिहायचं, मध्ये आपलं गोड काही घालायचं नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

एकोणीस वर्षांत बहिणीने एक ओळ पाठवली नाही आणि आज पाठवली ती कामासाठी. कामापुरता मामा म्हणशील. म्हण, मी ऐकून घेईन.

तिकडे कोलचेस्टरलाही दवंडी झालीच असेल. पोरगेल्या राजाच्या दरबाराने कायदा केलाय की जिथे मेलेल्यांसाठी प्रार्थना चालतात ती सगळी घरं, जमिनी, भांडीकुंडी राजाची. गावोगावच्या गिल्डा, वर्गणीवर चालणाऱ्या या भाऊबंदांच्या मंडळ्या, बंद. राजाचे चौकशीवाले बरी शहरापासून निघालेत आणि एकेक गाव झाडून पुढे येताहेत. त्यांच्या यादीत आपला गिल्डहॉल आहे. आपल्या आजोबांनी ज्याच्या तुळया तासल्या तोच.

खालच्या खोल्यांत सहा म्हातारी माणसं राहतात, वर पोरांची शाळा आहे. हे प्रार्थनेचं घर ठरलं तर छपराचं शिसंसुद्धा उतरवून नेतील आणि ती सहा जणं रस्त्यावर येतील. हे गावाचं घर आहे, गोरगरिबांसाठी बांधलेलं आहे, असं कुणी शपथेवर सांगितलं तरच वाचेल.

सांगायला सगळं गाव तयार आहे रे! पण चौकशीवाल्यांच्या कारकुनाने आधीच कळवलंय की गिल्डातल्या कुणाची शपथ चालणार नाही, जो तो आपल्याच ताटासाठी बोलणार. साक्षीदार असा हवा की ज्याने हे घर लहानपणापासून पाहिलंय आणि जो गिल्डात नाही. आता हेझलवेलमध्ये गिल्डात नाही असं आहे कोण? कुत्री आणि बदकं. परवा बैठकीत सगळे डोकी खाजवत बसले. नाव एकच निघत होतं आणि ते कुणी तोंडाने घेईना. शेवटी मी म्हटलं, "माझा भाऊ. तुम्हीच काढलंत ना त्याला?" सगळे आपापल्या जोड्यांकडे बघायला लागले.

तू येशील का?

जुनं उकरून काढत नाही. तुझं कापड हम्फ्रीच्या निळीच्या टाकीत डागाळलं हे खरं. हम्फ्री माझा नवरा आणि तोच गिल्डचा मुख्य, हेही खरं. पण गिल्डातल्या दोघांचं भांडण आधी मुख्यापुढे आणायचं, बाहेरच्या कोर्टात न्यायचं नाही, हा नियम तू स्वतः हात वर करून मान्य केला होतास. तू थेट बरीच्या कोर्टात गेलास. नियम मोडणाऱ्याचं नाव खोडायचं, म्हणून खोडलं. त्यानंतर सहा आठवड्यांत थॉमसीन गेली, त्याला नियम काय करणार? तिला नेलं त्या दिवशी मी तापाने पडून होते, तुला ठाऊक आहे.

पाद्रीबाबांची लेखणी थांबली. लिहा म्हटलं, थांबताय कशाला?

हम्फ्री जाऊन सहा वर्षं झाली.

पार्नेल


हेझलवेल
ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार, एप्रिल १५४८

ऑस्टिन,

गाडीवान तुझा निरोप घेऊन आला. "तुमचं घर, तुम्ही निस्तरा." एवढंच म्हणालास म्हणे, आणि हातमागावरून मानही वर केली नाहीस. मी त्याला दोनदा विचारलं, आणखी काही? तो म्हणाला, "बाई, मला पेज पाजली आणि पुढच्या वेळी तुमचं पत्र आणू नकोस म्हणाले." तुझ्या घरी कुणी आलं तर उपाशी जात नाही, हे आईचं वळण तू सोडलं नाहीस. तेवढ्यानेही बरं वाटलं.

तू नाही म्हणालास तरी मी सांगणार. गेल्या आठवड्यात तो कारकून पाहणी करून गेला. वय असेल पंचविशीचं, केंब्रिजला शिकलेला, हात असे मऊ की आयुष्यात कधी धोटा धरला नसेल. गिल्डहॉलच्या जिन्यात उभा राहून त्याने पाद्रीबाबांना विचारलं, "गिल्ड या शब्दाचा अर्थ काय हो?"

पाद्रीबाबा म्हणाले, "जुन्या सॅक्सन सनदांमध्ये तो देणं, भरणं या अर्थाने येतो. वर्गणी म्हणा ना. सगळ्यांनी आपापला वाटा आणायचा आणि एका छपराखाली बसून एकत्र जेवायचं, ते छप्पर म्हणजे गिल्डहॉल."

"तुम्ही अर्धंच सांगताय," तो हसून म्हणाला. "त्याच्याही आधी, ख्रिस्ती होण्यापूर्वी, आपले पूर्वज याच शब्दाने देवापुढच्या बळीला हाक मारायचे. बळी द्यायचा, मेलेल्यांच्या नावाने प्यायचं आणि बळीचंच जेवायचं. तुम्ही मंडळी सेंट ॲनच्या दिवशी वर मेलेल्यांची नावं वाचता आणि मग खाली येऊन बिअर पिता, बरोबर? हजार वर्षांत फक्त बकरा बदलला."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, आम्ही बकरा नाही, हंस शिजवतो. आणि गव्हाची केशर घातलेली लापशी. चाळीस वर्षं मीच शिजवतेय."

त्याने माझ्याकडे बघितलं, पण हसला नाही. वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते पाद्रीबाबांना उलटं वाचता आलं. 'शब्दाच्या मुळातच मूर्तिपूजा आहे.'

तो गेल्यावर मी पाद्रीबाबांना धारेवर धरलं. "तो म्हणतो ते खोटंय ना?" तर हे भले गृहस्थ म्हणतात, "खोटं नाही, पार्नेल. जुन्या शब्दांत दोन्ही आहे." मग बोलला का नाहीत? म्हणे, "विद्वानाशी शब्दांवर भांडून घर वाचत नाही. त्याच्याकडे माझ्याहून जास्त पुस्तकं आहेत." आता ज्यांची पोटं या शब्दावर अवलंबून आहेत त्यांनी काय करायचं? विधवा मोल्ड खालच्या खोलीत अंथरुणाला खिळून आहे. ती मला विचारते, "शब्दामुळे घर जातं का गं?" काय सांगू मी तिला?

म्हणून परत लिहितेय. तू ये. तुला पुस्तकं लागत नाहीत. लहानपणी आजोबांच्या मागे तुळयांवर चढायचास. हे घर काय आहे ते तुला माहीत आहे.

नियमाबद्दल मागच्या पत्रात बोलले ते जरा जास्त झालं. हम्फ्री स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश, अशा माणसापुढे तू तक्रार आणणार तरी कशी होतास? हे मला तेव्हाही दिसत होतं. मेलेल्या नवऱ्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून इथेच थांबते.

पार्नेल


हेझलवेल
मे १५४८, पाऊस नाही, सूत वाळतंय

ऑस्टिन,

तुझं उत्तर नाही. गाडीवान म्हणाला, पत्र घेतलं, कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि खिशात ठेवलं. नाही म्हणालास तेव्हा निदान आवाज तरी आला होता.

चौकशीचा दिवस ठरला. येत्या जूनमध्ये, सेंट बार्नबसचा दिवस, सकाळी, इथेच हॉलमध्ये.

दोन गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या. तू नाही आलास तर त्या माझ्याबरोबर जातील आणि मला ते नको.

पहिली. मी लिहिलं, सहा म्हातारी माणसं. त्यातली एक मी आहे. हम्फ्रीची टाकी, घर, सगळं त्याच्या मागे गेलं. चार वर्षं झाली, मी गिल्डहॉलच्या खालच्या खोलीत राहते, मोल्डच्या शेजारी. भिंतीत एक फट आहे, तिच्यातून आम्ही दोघी बोलतो. तुला सांगायची लाज वाटली. जिने तुला उंबऱ्याबाहेर उभं केलं ती आता त्याच उंबऱ्याच्या आत धर्माचं खातेय, हे ऐकून तू हसशील असं वाटलं. हस. पण मला खोली हवीय. बासष्टाव्या वर्षी मी कुठे जाऊ?

दुसरी सांगायला फार जड आहे. पाद्रीबाबांना म्हटलं होतं, तुम्ही ऐकू नका, नुसतं लिहा. ते म्हणाले, कान बंद करून कसं लिहिणार?

मी आजारी नव्हते. थॉमसीनला नेलं त्या दिवशी मला ताप नव्हता, डोकेदुखीसुद्धा नव्हती. प्रेतावर घालायची गिल्डची चादर ज्या पेटीत असायची तिची किल्ली माझ्या कमरेला होती. आदल्या दिवशी तू दारात आलास. तुझा शर्ट उलटा घातलेला होता. तू म्हणालास, "पार्नी, चादर दे आणि चार माणसं दे. बाकी काही नको." आणि मी म्हणाले, "हम्फ्रीला विचारून सांगते." तू म्हणालास, "विचारू नकोस." आणि गेलास.

ऑस्टिन, मी त्याला विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित तो हो म्हणाला असता! तो तापट होता, पण राक्षस नव्हता. त्याने हो म्हटलं असतं तर गावाने बोट दाखवलं असतं, मुख्याची बायको भावासाठी नियम वाकवते, म्हणून. मला गावाची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराची झडप लावून आत बसले. तुम्ही रस्त्याने गेलात ते पावलांवरून कळलं. चौघांचा आवाज नव्हता, तिघांचाच होता. मी हंस सोलत होते. सोलतच राहिले.

थॉमसीनने मला, नणंदेला, कधी उलट उत्तर दिलं नाही. लग्नात मी तिची थट्टा केली की हिचं नाक आपल्या चुलीच्या चिमट्यासारखं, तर ती स्वतःच हसली. तिला मी खांदा देऊ दिला नाही.

हे मी घर वाचावं म्हणून लिहीत नाही. घरासाठी लिहायचं ते मागच्या दोन पत्रांत लिहिलं. तू आलास तर खोटं बोलू नकोस. आमच्यावर राग आहे तर राग आहे असं सांग. पाद्रीबाबा मान हलवताहेत की असं लिहू नये, साक्षीदार बिथरेल. बिथरू दे.

पार्नेल


हेझलवेल
सेंट पीटरच्या आदल्या दिवशी, जून १५४८

ऑस्टिन,

तू आलास आणि माझ्याशी न बोलता गेलास. मी मागे गर्दीत उभी होते, तू वळून पाहिलं नाहीस. केस पिकलेत तुझे, आणि चालतोस अगदी बाबांसारखा. मी हाक मारणार होते, मारली नाही.

तू तिथे होतासच, तरी मी हे सांगतेय, कारण तुझी पाठ आमच्याकडे होती आणि आमचे चेहरे तुला दिसले नाहीत.

कारकुनाने विचारलं, "तू या गिल्डचा सभासद?"

"होतो. काढून टाकलं."

"मग यांच्याशी वैर असेल."

"आहे."

तेव्हा पाववाला वॉल्टर माझ्या कानात कुजबुजला, "मेलो! हा आपल्याला बुडवायलाच आलाय." मी म्हटलं, "गप बस, हक्क आहे त्याचा."

"इथे मेलेल्यांची नावं वाचून प्रार्थना होत होत्या का? शपथेवर."

तू म्हणालास, "होत होत्या. वरच्या खोलीत, दर वर्षी. नंतर सगळे जेवायचे." वॉल्टरने डोळेच मिटले. पाद्रीबाबांच्या ओठांतली प्रार्थना मध्येच थांबली. मला मात्र, देवाशप्पथ, बरं वाटलं. आपल्या घरात एक तरी माणूस खरं बोलणारा निघाला.

कारकून खूष झाला. लेखणी बुडवत म्हणाला, "म्हणजे हा शब्दही बळीचा आणि हे घरही बळीचंच. तूच कबूल केलंस."

"मी विणकर आहे," तू म्हणालास. "शब्द कुठून आला ते मला माहीत नाही. तो काय काम करतो ते माहीत आहे."

"सांग मग."

यानंतर तू जे बोललास ते मला पाठ आहे. पाद्रीबाबा, नीट लिहा. "या गावात माणूस मेला की गिल्डातला प्रत्येक जण हातातलं काम टाकून येतो. घंटी ऐकली की निघतो, घरोघर बोलावणं लागत नाही. आठ जण खांदा देतात आणि वाटेत बदलतात. गरीब असो, श्रीमंत असो, ज्याच्याशी भांडण तोही येतो. माझी बायको मेली तेव्हा मी गिल्डाबाहेर होतो. दोन भाडोत्री माणसं आणि मी. खांदा बदलायला कुणी नव्हतं, म्हणून चर्चपर्यंत तिला तीनदा खाली ठेवावं लागलं. एकदा चिखलात. साहेब, तुम्ही शब्दाचा अर्थ पुस्तकात बघितलात. मी तो त्या रस्त्यावर बघितला. जिथली माणसं खांदा द्यायला येतात त्या घराला इथे गिल्डहॉल म्हणतात. ते आले नाहीत म्हणून मला कळलं. आता हे घर तुम्ही घेतलंत तर या गावात सगळ्यांचीच गत माझ्यासारखी होईल, आणि ती मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. आणि माझे वैरी इथे मागे उभे आहेत."

वॉल्टर, तो धटिंगण, रडला. तुझं नाव खोडायला हात वर केला होता ना त्याने, तोच वॉल्टर. कारकुनाने लेखणी खाली ठेवली. मग ज्येष्ठ चौकशीवाल्याने, जो सकाळपासून झोपल्यासारखा बसला होता, त्याने विचारलं, "किती लांब आहे चर्च इथून?" तू म्हणालास, "जवळच आहे, साहेब." आणि निघून गेलास.

निकाल आता आलाय. वरची वेदी, मेणबत्त्यांची दांडकी, मेलेल्यांच्या नावांची वही, पाद्रीबाबांचं पोट जिच्यावर चालायचं ती जमीन, सगळं राजाचं. गिल्ड बंद. ते नावसुद्धा घ्यायचं नाही. पण घर गावाचं, गरिबांसाठी आणि शाळेसाठी, पुढचा हुकूम येईपर्यंत. माझी खोली राहिली. तुझ्यामुळे राहिली.

हे सांगून पत्र संपवणार होते, पण परवा मोल्ड गेली.

सकाळी मी फटीतून हाक मारली, ओ आली नाही. गिल्ड असती तर तिचा निरोप्या घंटी घेऊन गावभर फिरला असता आणि सगळे आले असते. पण गिल्डच नाही, तर सांगणार कोण आणि कुठल्या नियमाने? दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. लोक वाईट नाहीत रे, प्रत्येक जण आपल्या दारात उभा राहून दुसऱ्याच्या दाराकडे बघत होता. राजाच्या माणसांना चालेल का, हीही भीती होतीच. तेव्हा मला कळलं की तू कारकुनापुढे खरं बोलून घर वाचवलंस, तरी शब्द वाचला नव्हता. घर तर उभं होतं, आणि मोल्ड आत एकटी पडली होती.

मग मी उठले. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरताहेत, पण एकेक दार वाजवत गेले. वॉल्टरला म्हटलं, "मोल्ड गेली. येतोस का?" तो म्हणाला, "आता कुणाच्या हुकमाने, पार्नेल?" मी म्हटलं, "माझ्या भावाच्या." तो पिठाचे हात घेऊन तसाच निघाला. पंधरा दारं वाजवली. अकरा जण आले. चार जणांनी दार उघडलं नाही. मी त्यांना शिव्या देणार नाही, एके काळी मीही झडप लावून बसले होते.

बायकांनी खांदा द्यायची रीत नाही. मी दिला. थोडाच वेळ, मग वॉल्टरने काढून घेतला. आणि चालताना माझ्या मनात मोल्ड नव्हती. तिची माफी मागते, पण नव्हती. माझ्या खांद्यावर थॉमसीन होती.

एकोणीस वर्षांपूर्वी मला पंधरा दारं वाजवता आली असती. वेळ होता, पाय चांगले होते, किल्ली कमरेला होती. मी वाजवली नाहीत, ऑस्टिन. तू क्षमा करावीस असं मी म्हणत नाही. मला नुसतं तुझ्यासमोर हे तोंडाने बोलायचंय, दुसऱ्याच्या लेखणीने नाही.

आणि लेखणीही आता राहणार नाही. पाद्रीबाबा सोमवारी नॉरिचला भावाकडे जाताहेत. या गावात माझ्यासाठी लिहील असं दुसरं कुणी नाही, आणि माझं बोलणं तू परक्याकडून वाचून घ्यावंस असं मला वाटतही नाही. कोलचेस्टर इथून दीड दिवसाच्या वाटेवर आहे. गाडीवान शुक्रवारी परत येईल, त्याच्याकडे एक शब्द सांगून पाठव, तू येतोस की मी येऊ. नाही म्हणालास तरी मी शनिवारी निघणार आहे. दारात उभी राहीन. आत घ्यायचं की कुणाला तरी विचारून सांगायचं, ते तू ठरव.

तुझी बहीण,
पार्नेल